‘रूम आहे का?’

गंगाखेड हे काही पर्यटनाचं गाव नाही. इथं मुक्कामाला येणारा माणूस कामानं येतो. गोदावरीच्या घाटावर दहाव्याचा विधी असतो, जनाबाईच्या मंदिरात दर्शन असतं, कुणाचं लग्न असतं, कुणाची कोर्टात तारीख असते. कुणाला परळीला वैजनाथाला जायचं असतं आणि परभणीकडून येणारी गाडी उशिरा पोचलेली असते. असा माणूस फोनवर गावाचं नाव आणि पुढे ‘लॉज’ असं टाकतो, तेव्हा त्याच्यासमोर काही तारे आणि काही ओळी येतात. त्या ओळी आपण वाचतो, त्यांच्यावर विश्वास ठेवतो, पैसे भरतो आणि विसरून जातो. मराठी माणसानं गेल्या दहा वर्षांत प्रवासाविषयी सगळ्यात जास्त काय लिहिलं असेल, तर या ओळी. वाचलंही बहुधा हेच असेल. मग त्यांच्याकडे साहित्य म्हणून एकदा नीट बघायला काय हरकत आहे?

या प्रकाराची वैशिष्ट्यं कुणालाही ओळखता येतील. मराठी असते, पण बऱ्याचदा रोमन लिपीत. कर्ता गायब असतो. विशेषणं दोनच, चांगलं आणि वाईट. पण मधूनच एखादा असा लेखक भेटतो की त्याच्यापुढे भलेभले प्रवासवर्णनकार फिके वाटावेत. तो सांगतो, गरम पाणी सकाळी ठरावीक वेळेतच येतं, बादली एकच आहे, रस्त्याकडची खोली घेऊ नका, ट्रकच्या हॉर्ननं झोप लागत नाही, खाली पोहे सात वाजता मिळतात. यात शब्दांचा सोस नाही. समोर एक विशिष्ट वाचक आहे, उद्या रात्री तिथंच पोचणारा दमलेला माणूस, आणि लेखकाला त्याची काळजी आहे. चांगल्या गद्याकडून आपण याहून फार वेगळं काय मागतो?

म्हणून या प्रकाराला नावं ठेवायचं कारण नाही. ज्यांच्या हातात कधी कुणी लेखणी दिली नाही, असे ड्रायव्हर, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, परीक्षेला आलेल्या पोरी, सगळे इथं लिहितात. माझी तक्रार वेगळी आहे. या रिव्ह्यूची गोष्ट नेहमी खोली मिळाल्यानंतर सुरू होते. चावी हातात आली, मग चादर, मग पंखा, मग गीझर. काउंटरवर काय झालं, हे त्यात जवळजवळ कधीच नसतं. ‘रूम आहे का?’ असं विचारल्यावर समोरच्यानं आधी तोंडाकडे पाहिलं का, मग नावाकडे, मग बरोबर कोण आहे त्याकडे, आणि मग ‘फुल्ल आहे’ म्हणाला का? ज्याला खोली मिळाली नाही त्याचा मुक्काम झालेला नसतो, त्यामुळे बुकिंगच्या ॲपवर त्याला तारे देण्याची सोयच नसते. पाचपैकी सव्वाचार हा आकडा आत घेतलेल्यांची सरासरी आहे. दारातून परत गेलेले त्या हिशेबात नाहीत.

ही खोड रिव्ह्यूची एकट्याची नाही. ती त्याला आपल्या प्रवासवाङ्मयाकडून वारशानं मिळाली आहे.

ओळख

मराठी प्रवासवर्णनाच्या कुठल्याही चर्चेत विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ येतोच. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक. मथुरेला बायजाबाई शिंदे यांचा मोठा यज्ञ आहे, तिथं दक्षिणा मिळेल, या आशेनं 1857 साली काकांबरोबर निघाला आणि बंडात सापडला. त्यानं हे पुढे 1883 मध्ये लिहून काढलं आणि चिंतामण विनायक वैद्यांनी 1907 मध्ये संपादित करून छापलं. गोळीबार, लूट, झाशीचा वेढा, सगळं त्यात आहे. पण मुक्कामाच्या दृष्टीनं हे पुस्तक वाचून बघा. जग कोसळत असतानाही या माणसाला रात्री टेकायला जागा मिळते ती एका यंत्रणेमुळे. तो कुठल्याही गावी गेला की आपल्या ज्ञातीचं घर, देऊळ, भिक्षुकांची उठबस असलेला वाडा शोधतो. जीव धोक्यात असतो, पण आत घ्यायचं की नाही हा प्रश्न त्याच्या जन्मानंच सोडवून ठेवलेला असतो. जात हेच त्याचं बुकिंग.

मराठीत याला एक सुंदर शब्द आहे, ओळख. ‘तिथं आपली ओळख आहे’ म्हणजे तिथं आपल्याला झोपायला मिळेल. ‘ओळख काढणे’ म्हणजे गाव, आडनाव, सोयरीक यांचे धागे ओढत ओढत अनोळखी माणसाला नात्यात आणून बसवणे. आपल्या आजीआजोबांनी आयुष्यभर प्रवास केला तो ओळखीवर, लॉजवर नव्हे. ही पद्धत उबदार होती, यात शंका नाही. पण ज्या प्रश्नानं दार उघडतं त्याच प्रश्नानं ते बंदही होतं. ‘कोणाचे तुम्ही?’ या प्रश्नाचं उत्तर कुणासाठी चावी होतं आणि कुणासाठी कुलूप.

ओळखीला पर्याय शोधण्याची धडपडही आपल्याकडे जुनी आहे. जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’सारख्या परिक्रमेच्या पुस्तकांत रोजची रात्र कुठे जाणार हाच कथेचा ताण असतो. तिथं ‘नर्मदे हर’ एवढी हाक आणि अंगावरचा परिक्रमावासीचा वेश पुरतो. आश्रम उघडतो, पडवी मिळते, शिधा मिळतो. दुसरं उदाहरण तर थेट गंगाखेडच्या रस्त्यावरचं आहे. शेगावहून गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी पंढरपूरला निघते, ती परभणीहून गंगाखेडमार्गे परळीकडे जाते. दरवर्षी तिचं वेळापत्रक निघतं. तारीख, वार, दुपारचा विसावा, रात्रीचा मुक्काम. चार रकाने, बस्स. मला हा मजकूर फार आवडतो. शेकडो माणसं पायी येणार आहेत, त्यांना अमुक तारखेला अमुक गावात जेवण आणि जागा मिळणार आहे, हे पालखी निघायच्या आधीच छापलेलं असतं. त्यावर ना दर आहे, ना तारे, ना फोटो. गावानं दिलेला शब्द, एवढीच त्यामागची हमी.

आणि याच गावच्या सगळ्यात मोठ्या लेखिकेविषयी परंपरा सांगते की ती लहानपणीच गंगाखेड सोडून पंढरपूरला गेली आणि नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली. जनाबाईचं सगळं काव्य दुसऱ्याच्या छपराखाली रचलेलं आहे. तिच्या अभंगांत विठ्ठल येतो तो पाटावर बसणारा पाहुणा म्हणून नव्हे. तो दळण दळतो, शेणी वेचतो. कोण यजमान आणि कोण पाहुणा, हा हिशेबच ती उलटा करून टाकते. ज्या बाईला स्वतःचं म्हणावं असं घर नव्हतं तिनं देवालाच घरकामाला लावलं. आतिथ्याविषयी मराठीत यापेक्षा धीट कल्पना कुणी केली असेल, असं मला वाटत नाही.

दीड रुपया रोज

पण परिक्रमावासी, वारकरी आणि विष्णुभट यांच्यापैकी कुणीच आपल्याला दारातला प्रसंग पूर्ण सांगत नाही. तो सांगितला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. 1935-36 च्या सुमारास त्यांनी इंग्रजीत काही आठवणी लिहून ठेवल्या. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावानं त्यांची छोटी पुस्तिका पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1990 मध्ये प्रसिद्ध केली. ती आत्मचरित्राचा तुकडा म्हणून वाचली जाते, समाजशास्त्राचा पुरावा म्हणून वाचली जाते. माझं म्हणणं असं की ती प्रवासवर्णन म्हणूनही वाचायला हवी, आणि मुक्कामाविषयी कुणा मराठी माणसानं लिहिलेलं सर्वांत महत्त्वाचं लेखन म्हणून वाचायला हवी.

पहिली आठवण 1901 ची आहे. साताऱ्याहून भीमराव आणि बरोबरची मुलं वडिलांना भेटायला कोरेगावला निघतात. नवे कपडे आहेत, खाण्याचा भरपूर डबा आहे, जवळ पैसे आहेत. आम्ही येतोय, असं पत्रही आधी गेलेलं आहे. आजच्या भाषेत बोलायचं तर बुकिंग चोख आहे. पण नोकर ते पत्र वडिलांना द्यायला विसरतो, मसूर स्टेशनवर घ्यायला कुणी येत नाही आणि पोरांची जात कळताच बैलगाडीवाले गाडी द्यायला तयार होत नाहीत. शेवटी एक जण दुप्पट भाडं घेऊन तयार होतो, तेही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. रात्र टोलनाक्यापाशी जाते. डबा भरलेला, पण पाणी नाही, म्हणून जेवण नाही. आंबेडकर इथं एकही आक्रोशाचं वाक्य लिहीत नाहीत. काय होतं आणि काय नव्हतं याची यादी देतात. पैसे होते, अन्न होतं, पत्र होतं. वाचकाला आपोआप कळतं की प्रवाशाकडून राहून गेलेलं काहीच नाही.

दुसरी आठवण 1917 ची. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून परतलेला तरुण बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू व्हायला येतो आणि पहिला प्रश्न उभा राहतो, राहायचं कुठं? हिंदू खाणावळी आहेत, पण तिथं जायचं तर खोटं बोलावं लागेल. म्हणून तो पारशी धर्मशाळेकडे वळतो. व्यवस्थापकाच्या लक्षात येतं की पाहुण्याच्या अंगावर सदरा आणि कस्ती नाही. पण धर्मशाळेत कुणी येत नसतं, त्यालाही चार पैसे हवे असतात. तोड निघते. रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहायचं. राहणं आणि जेवण मिळून दीड रुपया रोज.

यानंतरचा मजकूर अक्षरशः एखाद्या रिव्ह्यूसारखा आहे. खोली वरच्या मजल्यावर. लहान. शेजारी मोठा हॉल, त्यात अडगळ. विजेचा दिवा नाही, एक कंदील. वटवाघळं. सोबतीला माणूस नाही. पाचपैकी दीड तारा द्यावा अशी ती जागा. तरीही हा उच्चशिक्षित माणूस तिथं निमूट राहतो, कारण दुसरी जागा नाही. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन येतात आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगतात. तो एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे जातो. दोघेही सभ्यपणे नकार देतात. मग तो गाडीच्या वेळेपर्यंत कामाठी बागेत बसून राहतो आणि मुंबईला परततो.

या प्रसंगात मला सगळ्यात जास्त थबकायला लावतं ते रजिस्टर. लॉजचं रजिस्टर ही तशी निरुपद्रवी वस्तू. नाव, गाव, कुठून आलात, कुठं जाणार, कामाचं स्वरूप, बरोबर किती माणसं. बडोद्याला ते रजिस्टर एक कथा लिहून घेतं. त्यात एक पात्र आहे, पारशी नावाचं, जे कधी अस्तित्वातच नव्हतं. ते पात्र जिवंत ठेवणं हेच खोलीचं खरं भाडं होतं. दीड रुपया वरचा.

डायरीत नसलेली पानं

योगायोग असा की आंबेडकर हे लिहीत होते साधारण त्याच वेळी, 1936 मध्ये, न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या कृष्णवर्णीय टपाल कर्मचाऱ्यानं एक मार्गदर्शिका काढली. कृष्णवर्णीय प्रवाशांना कुठल्या शहरात कुठं राहता येईल, कुठं जेवता येईल, कुठं पेट्रोल मिळेल, याची यादी. ‘ग्रीन बुक’ म्हणून ती पुढे तीसेक वर्षं निघत राहिली. एक दिवस या पुस्तकाची गरज उरू नये, ही संपादकाचीच इच्छा होती. ग्रीननं दार कुठं उघडतं ते लिहिलं, आंबेडकरांनी ते कुठं बंद होतं ते लिहिलं. दोन्ही एकत्र ठेवली तर मुक्कामाचं खरं परीक्षण कसं असतं ते कळतं.

आपल्याकडे ग्रीन बुक निघालं नाही. दुसऱ्या दिशेनं काम झालं. 1923 मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर धर्मशाळाही अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असं त्यात होतं. संविधानाच्या अनुच्छेद 15 मध्ये हॉटेलं आणि दुकानं एका कलमात आहेत आणि लगेच पुढच्यात विहिरी, तलाव, स्नानघाट. बडोद्याची खोली आणि 1934 मध्ये दौलताबाद किल्ल्याच्या दारातल्या टाक्यावर ऐकावा लागलेला आरडाओरडा, या दोन्ही आठवणी डोक्यात ठेवून ते कलम वाचलं, की कायद्याची कोरडी यादीही प्रवासवर्णनासारखी वाटू लागते.

आणि गाडगेबाबांनी तर थेट इमारतीच बांधल्या. नाशिक, आळंदी, पंढरपूर. पंढरपूरच्या धर्मशाळेला नाव दिलं चोखामेळ्याचं, ज्याला देवळात जाता आलं नाही त्याचं. ती धर्मशाळा 1949 मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवण्यात आली. म्हणजे ज्या संस्थेनं पुढे खोली नाकारल्याची गोष्ट छापली, तिच्याकडे खोली देणारी वास्तूही आली होती. मराठी साहित्याच्या इतिहासात ही नोंद व्हायला हवी. समीक्षेनं ती केलेली मला तरी दिसली नाही.

आता ॲपवर

‘हे सगळं जुनं झालं, आता फोनवर बोट फिरवलं की खोली मिळते,’ असं कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. ॲपला आडनाव कळत नाही, त्याला पैसे कळतात. अनेकांना, विशेषतः एकट्या फिरणाऱ्या मुलींना, काउंटरवरच्या चौकश्यांपासून यानं मोठी सुटका दिली. आधी पैसे भरलेले असतात, पावती हातात असते, आवाज थोडा चढवता येतो.

पण दार गेलेलं नाही, त्यानं फक्त जागा बदलली. अमेरिकेत तीन संशोधकांनी एअरबीएनबीवर हजारो यजमानांना एकसारख्या विनंत्या पाठवल्या, फरक फक्त पाहुण्याच्या नावात. कृष्णवर्णीयांची वाटतील अशा नावांना होकार मिळण्याचं प्रमाण सुमारे 16 टक्क्यांनी कमी निघालं. हा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे कंपनीला नियम बदलावा लागला, पाहुण्याचा फोटो बुकिंग पक्कं झाल्यावरच यजमानाला दिसू लागला. आपल्याकडे ओयोनं जानेवारी 2025 मध्ये मेरठपासून नवा नियम आणला. जोडप्यानं नात्याचा पुरावा दाखवायचा, आणि अविवाहित जोडप्याला खोली द्यायची की नाही हे हॉटेलनं ठरवायचं. म्हणजे रजिस्टरमध्ये आणखी एक रकाना वाढला. ओळखीची जागा ओळखपत्रानं घेतली, पण ‘कोणाचे तुम्ही?’ हा प्रश्न काही गेला नाही.

उलट दिशेचा धोकाही आहे, नसलेल्या खोलीचा. केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं एप्रिल 2025 मध्ये भाविक आणि पर्यटकांना सावध केलं. हॉटेलं, अतिथिगृहं, हेलिकॉप्टर यांची खोटी संकेतस्थळं करून पैसे उकळले जातात. फसवणूक झाली तर 1930 या क्रमांकावर लगेच फोन करायचा. समीक्षकाला हा मजकूर ओळखता यायला हवा. अशा पानावर सगळं गुळगुळीत असतं. खोली नेहमी उपलब्ध असते, सणातही. फोटोत खिडकी असते, पण खिडकीबाहेर गाव नसतं. आणि घाई असते, आत्ता भरा, अर्ध्या तासात दर वाढेल. पालखीच्या त्या चार रकान्यांशी ताडून बघा. जिथं खरोखर जागा आहे तिथली भाषा शांत असते.

मग लिहायचं कसं?

तुमच्यापैकी बरेच जण येत्या काही महिन्यांत परीक्षेसाठी, मुलाखतीसाठी, लग्नासाठी कुठल्या तरी अनोळखी गावात खोली शोधतील. रिव्ह्यू वाचताना चार गोष्टी बघा. लिहिणारा कोण आहे, एकटा पुरुष, कुटुंब की मुलींचा गट? कधीचं लिहिलेलं आहे? त्यात एखादी तरी अशी बाब आहे का, जी तिथं न राहता लिहिता येणार नाही? आणि चौथी, काय नाही? पंचवीस रिव्ह्यूंत एकही बाई नसेल, तर गीझर चालतो की नाही यापेक्षा ती गोष्ट जास्त बोलकी आहे.

आणि लिहिताना दारापासून सुरुवात करा. काउंटरवर काय विचारलं, कुठली कागदपत्रं मागितली, एकट्या मुलीला खोली द्यायला का कू केलं का, आडनाव ऐकून सूर बदलला का, की काहीच न विचारता चावी दिली. हे शेवटचंही लिहाच, कारण दार सहज उघडणाऱ्या माणसाचं नाव कुणी घेत नाही. खोली नाकारली गेली तर ॲपवर तारे देता येणार नाहीत. पण नकाशावर त्या जागेखाली लिहिता येतं, तारीख आणि वेळ घालून. विशेषणं लागत नाहीत. कंदील, वटवाघळं, दीड रुपया, अकरावा दिवस, एवढंच लिहून आंबेडकर थांबले, आणि शंभर वर्षांनीही ती खोली आपल्याला आतून दिसते.

उद्या पहाटे परभणी स्टेशनवर उतरणारी एखादी मुलगी तुमच्या त्या सहा ओळी वाचेल. रिक्षात बसून कुठल्या लॉजचं नाव सांगायचं, ते तिला त्यावरूनच ठरवायचं आहे.